नव्या गुळाचा पहिला खडा

प्रिय सगुणा,

तू गेलीस त्याला सहा महिने झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. लोकांना वाटतं, पाळकसाहेब दुःखात आहेत. आहेच मी दुःखात. पण खरं सांगू? मी तुझ्यावर रुसलो होतो. जिवंत बायकोवर रुसलं तर ती निदान चहा तरी आणून ठेवते. गेलेल्या बायकोवर रुसण्यात काहीच मिळकत नाही, हे कळायला मला इतके दिवस लागले. शास्त्र्याच्या घरात वाढलेला माणूस व्यवहारात मंद असतो, असं तूच म्हणायचीस ना?

आज लिहितो आहे, कारण उद्या पुनरुत्थानाचा रविवार आहे. उपदेश लिहून तयार आहे. पण आज सकाळी जे घडलं ते तुला सांगितल्यावाचून उद्या प्रभुभोजनाची भाकर मोडायला मेजापुढे उभं राहणं मला जमणार नाही.

मला तुझा मत्सर वाटतो. हे घे, लिहून टाकलं एकदाचं! षड्रिपूंची नावं मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाठ केली. पहिल्या पाचांची पावलं मला दुरून ओळखू येतात. सहावा मात्र वहाणा बाहेर काढून, पाय धुऊन, अगदी पाहुण्यासारखा घरात आला आणि तुझ्या रिकाम्या पाटावर बसला.

सुरुवात तुझ्या मयतालाच झाली. कालव्याकाठच्या आपल्या एवढ्याशा दफनभूमीत केवढी माणसं! राहुरीहून आली, देवळालीहून आली, गाड्या सोडायला जागा उरली नाही. विड्याची पानं विकणारा तांबोळी चाचा बांधावर बसून लहान मुलासारखा रडत होता. माझ्या देवळाची पायरी तो कधी चढला नाही आणि तुझी ओसरी त्यानं कधी सोडली नाही. मी मूठमाती घातली. ओठांवर प्रार्थना होती. आणि मनात काय आलं, माहीत आहे? 'माझ्या वेळी इतके येतील का?'

काय म्हणावं अशा नवऱ्याला!

त्यानंतर जावं तिथं तूच. कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असतं. मी जातो, डोक्यावर हात ठेवतो, प्रार्थना करतो. म्हातारी म्हणते, "बाई आसत्या तर नुसता हात लावून सांगितलं आसतं, कशाचा ताप हाय ते." कुठं जावाजावांचं वाजलेलं असतं. मी प्रीतीवर बोलतो, चांगलं लांबलचक बोलतो. दोघी पदर तोंडाला लावून ऐकतात आणि मी उंबरा ओलांडला की एक दुसरीला म्हणते, "बाई आसत्या तर लवकर आवरलं आसतं." भांडण मिटतं, नाही असं नाही. पण ते माझ्या कंटाळ्यानं मिटतं.

तुझं ते देवाशी बोलणंही मला सलायचं. मी परमेश्वराला हाक मारायची म्हणजे आधी विशेषणांची पालखी सजवायची, मग दोन-चार समास खांदा द्यायला. आणि तू? भाकरी थापता थापता, "देवा, पीठ सरत आलंय. तूबी बघतोस, मीबी बघते. आता दोघांतलं कुणीतरी हाल की!" मी दाराआड उभा राहून ऐकायचो. हसू यायचं. आणि हसून झाल्यावर वाटायचं, हिला उत्तर मिळतं, मला नुसती शांतता. तुझं कुणाशी पटत नव्हतं, सगुणा? देवाशीसुद्धा तू शेजारधर्म पाळलास!

आता मुद्द्यावर येतो. तान्हाबाईवर.

तिचा नवरा गेला, तिनं बाप्तिस्मा घेतला आणि भावांनी दार लावलं, तेव्हा तूच तिला हाताला धरून मंडळीत आणलीस. आता ती गुऱ्हाळावर ऊस सोलायला जाते. यंदा गुऱ्हाळ उशिरा लागलं. उसाच्या रसाची पहिली काहील उतरली, बायकांना हातावर गुळाचा एकेक खडा मिळाला. आपल्या मंडळीत पहिल्या वस्तूची चाल तूच पाडलीस: पहिलं कणीस, कोंबडीचं पहिलं अंडं, पहिला गूळ, जे काही पहिलं ते रविवारी मेजावर देवाला. सगळ्या बायकांनी गूळ देवळात आणला. तान्हाबाईनं तो नेऊन तुझ्या थडग्यावर ठेवला.

मुंग्यांची रांग लागली म्हणून गावाला कळलं. तुझ्या थडग्याच्या पहिल्या यात्रेकरू त्याच.

गुरुवारी मंडळीचे पंच बसले. फिलिप सुतार तुला आठवत असेलच, प्रार्थनेच्या वेळी इतरांचे डोळे मिटलेत का हे बघायला स्वतःचा एक उघडा ठेवतो तो. तो तापला होता.

"साहेब, थडग्यावर गूळ म्हंजी निवदच की! आज गूळ, उद्या नारळ, परवा उदबत्ती. मंग आपल्या बापजाद्यांनी मरीआई सोडली कशापायी?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"रविवारी ती बाई मेजाला बसली तर मी बसनार न्हाई."

"नियम तो नियम," मी म्हणालो. "तिला मेजापासून दूर ठेवू."

किती चटकन म्हणालो! पंचसुद्धा चमकले. कुणी मंतरलेली अंगठी घातली म्हणून दंड करायचा तरी मी एरवी महिना लावतो. देव आपल्या मानात वाटेकरी खपवून घेत नाही, हे मी त्यांना फार सुंदर समजावून सांगितलं. बोलताना मला वाटत होतं, मी देवाची बाजू मांडतो आहे. देवाच्या ईर्ष्येचा झगा घालून माझीच ईर्ष्या त्या खुर्चीवर बसली होती, हे तेव्हा कळलं नाही. तू जिवंतपणी माझ्यापेक्षा जास्त माणसं जमवलीस, ते मी सोसलं. आता मेल्यावर नैवेद्यही तुलाच?

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. आज सकाळी गेलो.

ती अंगण सारवत होती. हात कोपरापर्यंत शेणात. "बसा साहेब. तिकडं न्हाई, वलं हाय. हिकडं."

मी बसलो, घसा साफ केला आणि दहा आज्ञांतल्या पहिलीपासून आरंभ केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मला मेजावरून उठवाया आला न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग वचन कशाला घालताय मधी? उठवायचं तर उठवा." तिचा हात थांबला नव्हता, शेणाच्या पाण्यावर गोल गोल फिरत होता. "भावांनी दार लावलं तवा बाईनी उघडलं. आता तुमी लावा. तिसरं दार मला ठावं न्हाई. उद्या मेले तर पानी पाजाया कोन यील, तेवढं फकस्त सांगून जा."

मी विचारलं, "पण तान्हाबाई, देवाचा पहिला वाटा तू तिला का दिलास?"

"देवाचं काय, साहेब, सगळा ऊसच त्याचा. त्याला दुसरा खडा चालतो. बाईंचं तसं न्हाई." आता मात्र तिनं हात थांबवला. "तापात हुत्या तवा मला म्हनल्या, तान्हा, नवा गूळ खावासा वाटतुया. मी म्हनलं, गुऱ्हाळ लागलं की पयला खडा तुमाला. कबूल केल्तं मी. आन् गुऱ्हाळ लागायच्या आत ह्या गेल्या."

सगुणा, तुला नवा गूळ खावासा वाटला होता?

मी उशाशी बसून होतो. तुझ्या कपाळावर पट्ट्या बदलत होतो. काय हवं, काय हवं, म्हणून शंभरदा विचारत होतो. मला तू म्हणालीस, "काही नको." आणि तान्हाबाईकडे मागितलास? पंक्तीत वाढायला आलेल्या माणसाकडे मीठ मागावं तितक्या सहज? एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुझा कोण होतो गं, वैद्य?

मी तिला विचारलंही. लाज सोडून विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?"

तान्हाबाई हसली. वाईट नाही हसली. "तुमी पथ्य सांगितलं आसतं."

सांगितलं असतं. डॉक्टरनं नगरहून लिहून दिलेलं पथ्य मला तोंडपाठ होतं.

"रागवू नका, साहेब," ती म्हणाली. "तुमी लई जानता. तुमच्यापुढं बसलं की आपल्याला काय सांगायचं हुतं तेच सुचत न्हाई. बाई काय करायच्या, ठावं हाय? गप बसायच्या."

माझ्या तोंडात एक फार समर्पक वचन आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते मी एरंडेलासारखं गिळलं. मग दुसरं आलं, तेही गिळलं. मी किती अस्वस्थ होतो ते तुला कळणार नाही, तुला गप्प बसायला कष्टच पडत नसत! तिनं अंगण पुरं सारवलं. हात धुतले, लुगड्याला पुसले. समोर टेकली. बराच वेळ काही बोलली नाही, मीही नाही.

आणि मग ती बोलायला लागली.

गुळाचं नाही. तिचं स्वतःचं, मनात खोल दडवलेलं. मी ऐकलं. मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "हे बाईंच्या थडग्यापुढंबी मी बोलले न्हाई अजून. तुमीच पयले."

मी वहाणा पायात सरकवल्या आणि निघालो.

तिथून थेट फिलिपच्या घरी. तो रंधा मारत होता.

"तान्हाबाई उद्या मेजाला बसेल," मी सांगितलं.

"आन् गूळ?"

"तो नैवेद्य नव्हता, फिलिप. आजारी माणसाला कबूल केलेला खाऊ होता. पोचायला उशीर झाला."

"आन् नियम? परवा तर तुमीच म्हनला."

"परवा मी चुकीचं म्हणालो. उद्या तिला उठवलंत तर भाकर मोडायला दुसरा पाळक बघा."

तो बराच वेळ रंधा मारत राहिला. लाकडाचा कीस माझ्या वहाणांवर पडत होता. मग मान वर न करता म्हणाला, "बसंन मी. पर पार कडंला बसंन." आणि थोड्या वेळानं, "साहेब, तुमी बाईंसारखं बोलाय लागला."

बघ! सहा महिन्यांत पहिल्यांदा मी स्वतःच्या अकलेनं काही बोललो, तर त्याचंही श्रेय तुला! घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत आलो.

आणि हे पत्र. आपल्या शिकवणीत मेलेल्यांना पत्र लिहायची सोय नाही, हे मला ठाऊक आहे. फिलिपला कळलं तर मेजावरून उठण्याची पाळी माझी. म्हणून हे कुणाला दाखवणार नाही.

आता तुला एक वचन देतो. माणसं तुझ्या ओसरीवर काय काय सांगून जायची, आणि मी रात्री जेवताना विचारलं की तू म्हणायचीस, "त्यांचं त्यांच्यापाशी. तुम्ही भाकरी घ्या." किती राग यायचा मला! नवऱ्यालाही नाही? आज कळलं, ते सांगायचं का नसतं. तेव्हा तान्हाबाई आज मला काय बोलली, ते मी तुलाही सांगणार नाही. विचारू नकोस. देवापाशी तिचं नाव घेईन, तेही थोडक्यात, विशेषणं न लावता. बुधवारी ती नेहमीसारखी तुझ्या थडग्यापाशी येईल. तिनं आपणहून सांगितलं तर ऐक, माझी ना नाही.

पण मी आधी ऐकलं आहे, सगुणा. एवढं लक्षात असू दे.

तुझाच,
दिनकर