सगळे विचारतात, काय झालं?

मंगळवार, ४ जून

बाळ झालं! ही सुखरूप. बाळ खणखणीत रडलं. आणि डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "मुलगा की मुलगी, ते आत्ता सांगत नाही. बाहेरून नीट ठरवता येत नाहीये. घाईनं कुणाला काही सांगू नका."

मी हसलो! घाबरलो की मला हसू येतं. गाडी शिकवताना समोरून ट्रक आला तरी हसतो — पण तिथं माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो.

ताईचा फोन. "काय झालं रे?" ऐकू येत नाही म्हणून ठेवून दिला.

बुधवार, ५ जून

बाईंनी कागदावर काढून दाखवलं. पहिले काही आठवडे सगळी बाळं पोटात सारखीच असतात म्हणे. आईकडून एक्स येतो, बापाकडून एक्स नाहीतर वाय. वाय आला की त्यातलं एक जनुक मुलगा घडवायला घेतं. नाही आला तर मुलगी. म्हणजे ठरवणारा मी! मला साधा शर्टाचा रंग ठरवता येत नाही.

आमच्यात बहुतेक दोन एक्स आहेत, पण मूत्रपिंडावरची एक ग्रंथी बिघडली असावी, त्यानं बाहेरून घोळ दिसतो — असा त्यांचा संशय. रक्त मोठ्या लॅबला गेलंय. आणखी बरंच बोलल्या. रोज वजन, उलट्या, मीठ असलं काहीतरी. माझी नजर त्या दोन अक्षरांवर. नुसती मान डोलावत राहिलो.

गुरुवार, ६ जून

घरी आणलं. शेजारच्या काकू जिन्यातच उभ्या. "काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं — "मुलगा!" ही पायरीवरच थांबली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आता हे कसं निस्तरायचं? जेवणावर वासना नाही.

आई मात्र काहीच विचारत नाही. लंगोट बदलताना तिनं सगळं पाहिलं. "दूध किती घेतलं?" एवढंच.

शनिवार, ८ जून

वजनाला गेलो होतो. काटा दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकांसमोर. आयाबाई बाळ पूर्ण उघडं करून त्यावर ठेवते. बाकावर काकूंची सून बसलेली! दारातूनच परत फिरलो. घरी सांगितलं, काटा बंद आहे.

सोमवार, १० जून

उद्या नेतो म्हणालो. कालही तेच म्हणालो होतो.

बुधवार, १२ जून

उलटी झाली. आई म्हणाली, "दवाखान्यात ने." म्हटलं, तान्ही बाळं दूध टाकतातच. "हे तसलं नाही." तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मीही ओरडलो, "गावासमोर उघडं करायचं का त्याला?" ही रडत होती. बेल वाजली की मी आधी बाळावर दुपटं ओढतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

शुक्रवार, १४ जून

आज फारसं रडलं नाही. शहाणं झालं, म्हणालो. असं म्हणालो मी!

शनिवार, १५ जून

सकाळी शिकवणीला निघालो, तर आई दारात. बाळ तिच्या हातात ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. "गाडी काढ."

शिकवणीचीच गाडी. लोक 'शिकाऊ' ही पाटी बघून हॉर्न मारत होते. मी लाल सिग्नल तोडला.

व्हरांड्यात आईनंच दुपटं ओढून काढलं, सगळ्यांदेखत. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. सगळी बाळाच्या तोंडाकडे बघत होती. खाली कुणी पाहिलंसुद्धा नाही. वजन जन्माच्या वेळेपेक्षाही कमी.

डॉक्टरबाई कडाडल्या. "रोज वजन करा, उलटी झाली की लगेच आणा, सांगितलं होतं ना? ती ग्रंथीच शरीरातलं मीठ धरून ठेवते. मीठ वाहून गेलं की बाळ हाती लागत नाही!"

सलाईन चालू आहे. हिनं एकच विचारलं, "काटा खरंच बंद होता?" म्हणालो, "नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

सोमवार, १७ जून

डोळे उघडले! दूध ओढलं! मी जिन्यात जाऊन रडलो.

अहवालही आला. दोन एक्स. आतून सगळं मुलीचं. औषध जन्मभर, पण चांगली धडधाकट वाढेल. ताईला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "बरी आहे ना?" एवढंच! आणि मी याला इतका भ्यालो होतो.

बाई म्हणाल्या, हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. "तुमच्याकडे पूर्वी कुणाचं तान्हं बाळ गेलंय?" मी म्हटलं, "छे!" आई शेजारीच बसली होती. खिडकीबाहेर बघत राहिली.

मंगळवार, १८ जून

आई बोलली. माझ्याआधी तिला एक झालं होतं. असंच. घरच्यांनी दार लावून घेतलं, कुणाला दाखवू दिलं नाही. मग उलट्या सुरू झाल्या.

मी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"ते मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाली. "भूक लागली की उजवी मूठ चोखायचं."