कोठाराच्या भिंतीवरचा प्लग

प्रिय साइला,

पाकीट बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोन असताना बाबाला कागद कशाला लागतो? फोनवर मी दोन वाक्यांत भांडतो आणि तिसऱ्यात तो ठेवून देतो, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून कागद. अक्षर फार मोठं आलंय, त्याचं कारण पुढे येईलच.

इथे पारा उणे तीसला टेकला आहे. रेयो शेजारून रोज कॉफीला येतो आणि चौथा कप पिता पिता सांगतो की डॉक्टरने कॉफी कमी करायला सांगितली आहे. आई करायची त्या राय धान्याच्या पिठाच्या, भात भरलेल्या करंज्या मी परवा करून पाहिल्या. कडा तिच्यासारख्या दुमडल्या गेल्या नाहीत. उभ्याउभ्याच खाल्ल्या. टेबल एकट्याला फार मोठं होतं गं.

तुझ्या लहानपणी हिवाळ्यात संध्याकाळी मी गाडीच्या नाकात एक वायर खुपसून ती कोठाराच्या भिंतीवरच्या प्लगला लावायचो, सकाळपर्यंत इंजिन गरम राहावं म्हणून. तू खिडकीच्या काचेला नाक लावून बघायचीस. बाबाने वायर लावली म्हणजे उद्या कुठेतरी जायचं, एवढं तुला पक्कं कळायचं. त्या हिरव्या डिझेल गाडीतून तुला पोहायला नेलं, दातांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि शेवटी ओउलूला विद्यापीठात सोडून आलो. परतीच्या वाटेवर गाडीच काय ती घरघरत होती.

मग तू हवेचं आणि धुराचं शास्त्र शिकलीस, आणि ती गाडी तुझ्या डोळ्यांत सलू लागली. एकदा बसच्या थांब्यावर मी तुला घ्यायला आलो, तर तू बॅग पाठीला मारून चालत निघालीस, आणि शेजारून मी पहिल्या गिअरमध्ये, काच खाली करून, तुझी समजूत घालत. गावाला आठवडाभर हसायला विषय मिळाला. त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "बाबा, गाडी तुझी असेल, हवा तुझ्या एकट्याची नाही." मी तरी कुठे कमी होतो? म्हणालो, "मला रस्ता दिसतोय तोवर कुठली गाडी चालवायची ते मी ठरवीन." अजूनही सांगतो, ज्यांच्या दाराशी बस येते त्यांना शहाणपण सोपं असतं. इथे बस शुक्रवारी येते, तीही आली तर. गाडीवाचून इथला माणूस म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर. पण यंदा तळं डिसेंबरात गोठलं, आणि तुझ्या लहानपणी ते कितीतरी आधी गोठायचं, हे काय मला कळत नाही?

आता त्या सकाळचं. आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ. तू तुझी विजेची गाडी घेऊन आलीस, आल्या आल्या मला न विचारता तिची वायर माझ्या प्लगला लावलीस आणि झोपायला गेलीस. सकाळी बघतेस तर बॅटरी जवळजवळ होती तिथेच. तुला वाटलं, मी मुद्दाम वायर उपसली. दारात उभी राहून म्हणालीस, "इतका राग, बाबा?" आणि कॉफीसुद्धा न घेता गेलीस. त्यानंतर तू आली नाहीस.

साइला, मी वायरीला हातही लावला नव्हता. त्या प्लगला आत एक घड्याळ बसवलेलं होतं, पहाटे दोनच तास वीज सोडणारं. तू शहरात गेल्यावर ते आलं, तुला माहीत असायचं कारण नाही. आणि ते का आलं ठाऊक आहे? तू एकदा फोनवर आईला म्हणाली होतीस की बाबा रात्रभर इंजिन शेकतो, खरं तर पहाटेचे दोन तास पुरतात, बाकी सगळी वीज वाया. आईने मला सांगितलं, मी तिला उडवून लावलं, आणि पुढच्याच आठवड्यात शहरात जाऊन गुपचूप घड्याळ घेऊन आलो. तुझं ऐकलं हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तू दारात उभी होतीस तेव्हाही ते कबूल करवलं नाही. ताठा तुला कुणाकडून मिळाला ते आता वेगळं सांगायला नको.

हे आज लिहायचं कारण असं, की डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझा गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. हिरवी गाडी रेयोने नेली. गिअर असे घासतो की मला घरात बसून कळ येते. तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस, डोळे असते तर आजही मीच चालवली असती. पण प्लग आता मोकळा पडलाय. संध्याकाळ झाली की सवयीने बाहेर जातो, वायर हातात घेतो, आणि लावायला काही नसतं. तुझी फार आठवण येते तेव्हा. काल रेयोकडून ते घड्याळ काढवून घेतलं, आता वीज बंद पडायची नाही. तो म्हणाला, या जुन्या प्लगवर साइलाची गाडी भरायला एक रात्र पुरणार नाही, दोन तरी लागतील. मी म्हटलं, लागू देत. तुझ्या गाडीचा आवाज येत नाही आणि मला लांबचं दिसत नाही, तेव्हा वळणावर हॉर्न तेवढा वाजव.

हट्टी, पण तुझाच,
बाबा