मावशी, तू यादीतून गेलीस त्याबद्दल

तीर्थरूप मावशीस (लग्नानंतर काकूही झालेल्या) साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? ताईकडे जिने फार, म्हणून विचारतो. इकडे सगळं ठीक. आई कोणाशी बोलत नाही, तेवढं सोडलं तर ठीकच.

तू रागाने लेकीकडे निघून गेलीस त्याला मी कारण नाही, हे आधी सांगतो. आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नोंदींचा नुसता उकिरडा झाला होता. एकच डॉक्टर 'डॉक्टर', 'डॉक्टरसाहेब', 'गच्चीवाले डॉक्टर' आणि 'तापट डॉक्टर' अशा चार नावांनी नांदत होते, आणि डोळे तपासायला या म्हणून चौघांनाही आम्ही मेसेज पाठवत होतो. (तापट का झाले ते यातच आलं.) म्हणून मालकांनी सॉफ्टवेअर आणलं. ते सारख्या नोंदी हुडकतं आणि त्यांची एक करून टाकतं. चहा निवायच्या आत चारी डॉक्टर एक झाले. मालक इतके हरखले की जुन्या नोंदी त्यांनी पुसूनच टाकल्या. कचरा कोण जपून ठेवतं, म्हणाले.

मग ते आपल्या घरापाशी आलं. आता तूच सांग, त्या बिचाऱ्याने काय समजावं? तू आणि आई जुळ्या, म्हणजे जन्मतारीख एक. दिल्या दोन सख्ख्या भावांना, म्हणजे आडनाव एक, घर एक, आणि फोनसुद्धा एकच. नावं तर आजोबांनी अशी ठेवलीत की एका हाकेत दोघी याव्यात. आईची खरेदी जास्त (ती चष्म्यावर बसते ना), म्हणून आई राहिली आणि तू गेलीस.

पुढे तुझा नवा चष्मा आईच्या नंबरचा झाला. तो लावून तू शेजारच्या शिंप्याच्या दारातल्या पुतळ्याला, लग्नाचं मनावर घे, असं चांगलं समजावून सांगितलंस. तक्रार घेऊन आलीस तर मालक पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "बाई, या नावाचं गिऱ्हाईक आमच्याकडे नाही." जिवंत बाई काउंटरवर हात आपटतेय आणि हे असं म्हणतात! मला हसू आलं ते चुकलंच. "जन्मभर 'त्या दोघी' म्हणवून घेतलं," तू म्हणालीस, "आता दोघींतूनही मला काढलं!" तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं, मावशी.

तर दुकानातर्फे विनंती अशी की तुझा जुना चष्मा घेऊन ये. काचेवरून नंबर काढता येतो. तुझी नोंद मी स्वतः, नव्याने करीन. ताईला आशीर्वाद नको, ती मोठी आहे, नमस्कार सांग.

तुझा भाचा
(आणि पुतण्या)

ता. क. जुना चष्मा शोधत बसू नकोस. तू तो इथेच, घरी टेबलावर विसरलीस आणि तेव्हापासून तो आईच्या नाकावर आहे. त्यातून तिला धड दिसत नाही, दारांना धडकते, पण काढून द्यायला तयार नाही.

आणखी एक ता. क. सगळं सॉफ्टवेअरच्या माथी मारलं, ते काही खरं नाही. शंका आली की ते थांबून विचारतं, या दोन व्यक्ती एकच आहेत का? तुमच्या वेळीही विचारलं होतं. आई माझा डबा घेऊन आली होती, शेजारीच बसली होती. तिला मी गमतीने वाचून दाखवलं, तर म्हणाली, "एकच लिही. तिच्यात नि माझ्यात वेगळं काय ठेवलंय?" मी बटण दाबलं. हे तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. तेव्हा भांडायचं तर तिच्याशी भांड, पण इथे येऊन भांड.