हौदातल्या माशांचा उपास

अव्वा,

आज महापालिकेचा मुलगा येऊन माझ्या टाकीत गप्पी मासे सोडून गेला. जाताना बजावलं, "आजी, यांना खायला काही घालू नका." मला हसूच आलं. हे ऐकायला तू हवी होतीस.

आपल्या गावावरचा इंग्रजांचा मार्शल लॉ उठून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. आप्पा दवाखान्यात हिवतापाच्या रोग्यांचं रक्त तपासायचे आणि संध्याकाळी पेठेत हौदाहौदात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडा म्हणून सांगत फिरायचे. लोक विचारायचे, तुमच्या हौदात आहेत का? तिथं ते विषय बदलायचे, कारण घरात तू होतीस. मैंदर्गीचं लिंगायत माहेर, गळ्यात लिंग, आणि ज्या घरात कधी अंडं आलं नाही तिथं मासे! पूजेचं पाणी वेगळ्या घागरीत भरायचं ठरलं तेव्हा कुठं तू हट्ट सोडलास. सुरुवातीला हौदाकडे पाठ करून भांडी घासायचीस. मग एकदा वाकून पाहिलंस आणि तिथंच फसलीस. बोटभरही नसलेले ते करडे जीव तुझी सावली पडली की गोळा व्हायचे. त्यांनी अळ्या खाऊन जगावं हे तुला बघवेना. आप्पा कामावर गेले की तू कणकेच्या बारीक गोळ्या टाकायचीस. त्यांचं पोट भरेल आणि त्यांच्या माथी जीवहत्येचं पापही येणार नाही, असा तुझा सरळ विचार. मासे सुस्तावले आणि डासांच्या अळ्या हौदात मजेत वाढल्या. शेजारी थंडीतापाचा माणूस होताच. डासांनी तिथलं दुखणं उचलून मला आणून दिलं.

त्या दुखण्यातली थंडी अजून आठवते. गोधड्यांखाली माझे दात वाजतायत, तू अंगावर आडवी पडून मला दाबून धरतेस, आणि तू रडतेयस हे मला पाठीला कळतंय. आप्पांनी माझ्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. हौदात कणीक तरंगताना त्यांनी पाहिली होती, पण आवाज चढवला नाही. तुला दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. जांभळ्या रंगात रंगवलेलं माझं रक्त, आणि त्यात खडा बसवलेल्या इवल्याशा अंगठीसारखा हिवतापाचा जंतू. तू पुढं कितीदा सांगायचीस ते. आप्पा म्हणाले, "हे तुझ्या लेकीच्या रक्तातलं. डासानं सोडलंय, आणि डास आपल्या हौदातला."

तू नळीवरून डोळा न काढताच म्हणालीस, "म्हंजी मीच पोसला व्हय त्याला?"

क्विनीननं माझे कान गुणगुणत होते. गुळाच्या खड्यानंही तो कडूपणा जाईना. तशातही हौदाजवळचं तुझं माशांशी बोलणं मला ऐकू आलं. "आता तुमचं तुमी खावा. माजी पोरगी हाय घरात. पाप लागलं तर मला लागू द्या."

अव्वा, मुंगी चुकवून पाय टाकणारी तू. माझ्यासाठी याहून मोठं काही कुणी केलेलं मला माहीत नाही. त्यानंतर जन्मभर तू त्यांना एक गोळी घातली नाहीस. हौदाजवळून जाताना मात्र पदर डोळ्यांवर ओढून घ्यायचीस, ते मी पाहत होते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहायला धीर होतोय. तुझ्याइतकी मी घट्ट नाही. तो मुलगा फाटकाबाहेर पडला आणि मी टाकीत कणकेची गोळी टाकली. एकच. तिथं वर आप्पा भेटले तर त्यांना सांगू नकोस.