मेडशीतलं नऊ दिवसांचं मौन

मेडशी, मंगळवार

प्रिय बेबीस,

मनकर्णाचा आशीर्वाद. रिसोडले सारे खुशाल असतीन, तुही पाठ आता दुखत नसन, असं धरून चालते. आमची खुशाली विचारू नोको. फोनच केला असता, पण फोन उचलला का तुहे भाऊजी बाजूले येऊन बसतेत, आन् हे सारं त्याइच्याबद्दलच हाये. म्हणून कागद घेतला. राग तुह्यावर बी हाये, तो आधी सांगून ठेवते.

उन्हाळ्यात आली तवा तू टीव्हीले ती बोटाएवढी डबी लावून गेली, आन् म्हणे यात चांगले सिनेमे हायेत, मारामारीचे नाईत. पायले मी. पहिला त्या शाळेच्या शिपायाचा. घंटा वाजवणारा म्हातारा हळूहळू बहिरा होते, आन् पोरं खिडकीतून बोटं दाखवून त्याले वेळ सांगतेत. घंटा एक दिवस चुकत नाई, मास्तराइले शेवटपर्यंत पत्ता लागत नाई. माहा पदर ओला झाला. तुहे भाऊजी बाजूच्या खाटेवर घोरत होते. उठल्यावर म्या त्याइले सारी गोष्ट सांगतली, त म्हणतेत, मंग त्या शिपायाले पेन्शन लागली काय? (सिनेमात ते नाई दाखवलं. मंग मले बी रात्रंदिवस तीच काळजी लागली.)

दुसरा त्या म्हाताऱ्या नवराबायकोचा. तोच खरा घातकी. ती बाई एक दिवस बोलणं बंद करते. भांडण नाई, काई नाई, नुसती गप. चौथ्या दिवशी नवरा चश्मा शोधत फिरते, घरात कोणीच जागा सांगत नाई, तवा त्याच्या ध्यानात येते का बायको बोलतच नाई. बेबी, मी टीव्ही बंद करून अंधारात बसून राह्यली. अडतीस वर्षं मी या माणसाले बोलून राह्यली, पण माही एक तरी गोष्ट यायनं पुरी ऐकली असन काय? हा सिनेमा बी सांगाले गेली, त मोबाईलवर सोयाबीनचा भाव पाहाले लागले. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी बी गप.

सिनेमातल्या माणसाले चौथ्या दिवशी समजलं. तुह्या भाऊजीले दुसऱ्याच दिवशी समजलं, पण काय समजलं ते ऐक. चहाच्या टपरीवर जाऊन सांगून आले का आमच्या मंडळीनं मौनव्रत धरलं. तिसऱ्या दिवसापासून दारात बाया. हळदकुंकू, नारळ, पाया पडणं. मी हातानं नाई नाई करो, त म्हणत, पाहा कशी नम्र बाई हाये. शेजारच्या बाबूलालची सपना म्हैस इकावी का नाई ते इचाराले आली. तेवढ्यात माह्या नाकावर माशी बसली, म्या हात झटकला. तिनं ते 'नाई' समजलं, आन् म्हशीसाठी आलेल्या गिऱ्हाईकाले वापस लावून देलं. तो गिऱ्हाईक दोन दिवस माह्या दारासमोर उभा राहून माह्या नावानं बोटं मोडत होता, आन् मले जवाब देता येत नोता. इतका राग पोटात ठेवून कोणी स्वयंपाक केला असन त सांग. आन् तुहे भाऊजी, व्रताच्या हातचं म्हणून, दोन भाकरी जास्त खात होते.

नवव्या दिवशी ओसरीत पाच बाया बसल्या होत्या. हे मोठ्या आवाजात त्याइले सांगत होते का मनकर्णेनं हे व्रत माह्या गुडघ्यासाठी केलं, आन् गुडघ्याले फरक बी हाये. तवा मी बोलली.

"तुमच्या गुडघ्यासाठी नाई. तुमचा राग आला म्हणून गप होती."

मंग एकीनं हळूच आपला नारळ उचलला, तिच्यामागं बाकीच्याइनं बी उचलले. यायच्या हातात मळलेला तंबाखू तसाच राह्यला. बाया गेल्यावर म्हणाले, "त्या दिवशी तू सांगत होती तो सिनेमा कोणता? सांग मले." मले वाटलं, पाच मिनिटात झोपीनं मान पडन. पण बेबी, नाई पडली. म्या पहिल्यापासून सांगतलं, तिच्या लुगड्याचा रंग बी सांगतला. यायनं मधात एकदाच इचारलं, का ते तीन दिवस ती बाई एकटी बसून काय करत होती? गोठ्यात गाई हंबरत होत्या, तरी हे उठले नाईत.

तवापासून हे सकाळी सात वाजता इचारतेत, तू जेवली काय? चहा बी झाला नसते तवा. दुपारी इचारतेत, गल्लीतून जाता जाता वरडून इचारतेत, बाया तोंडाले पदर लावतेत. याचा बी मले रागच येते, पण लिहाले बसली त काय राग येते ते सुचत नाई.

तुही,
मनकर्णा

ता.क. सिनेमे दोन्ही लय चांगले होते. ते लिहाचं राह्यलंच.

ता.क. दुसरा : खरं काम हे. त्या सिनेमात शेवटी ते दोघं नुसते एका बाकड्यावर बसतेत आन् नावं येतेत. मले काई पटलं नाई. म्हणून म्या यायले सांगतलं का शेवटी तो माणूस बायकोले रोज इचारते, तू जेवली काय? यायले जरा शंका आल्यासारखी वाटते. तुले फोन करून इचारतीन. हो म्हण.