राजूच्या करिअरबाबत खुलासा

आंधळगाव, बुधवार दुपार

श्रीमान धर्मेंद्रभाऊ यांच्या सेवेशी,

तुमच्या बहिणीचा नवरा भैय्यालाल याचा नमस्कार पोचावा. (जावयाने साळ्याला 'सेवेशी' लिहायची आपल्याकडे रीत नाही हे मला ठाऊक आहे, पण या खेपेला अडलेला मी आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? ज्योत्सनाबाईंची शुगर आटोक्यात आली का? क्वार्टरचं छत अजून गळतं की थांबलं? आमच्याकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची बहीण साधना नऊ दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण मीठ मागितलं तर भिंतीकडे पाहून देते.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आमचा राजकुमार गाडी इथेच ठेवून दोन दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे जवाहरनगरला आला आणि आता घरी परत येणार नाही म्हणतो. माझा फोन उचलत नाही. बापाने माझ्या करिअरचा गावभर तमाशा केला, असं त्याने तुम्हाला सांगितलं असेल. भाऊ, मी त्याच्या गाडीच्या करिअरबद्दल बोलत होतो! लोखंडाच्या! ज्याच्यावर सामान बांधतात त्या! शिकलेले लोक ते 'कॅरिअर' असं तोंड वाकडं करून म्हणतात म्हणे, पण आमच्या तोंडात नोकरीचं काय आणि टपावरचं काय, दोन्ही करिअरच. हे फोनवर समजावून सांगायला गेलो तर पुन्हा तोच शब्द येईल आणि पुन्हा तोच घोळ होईल, म्हणून कागद घेऊन बसलो.

राजूची गाडी तुम्ही पाहिलीच आहे. पुण्याहून जुनी घेतलेली, हळदीच्या रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. (मी आत बसू शकतो, बाहेर निघायला मात्र दोन माणसं लागतात.) पळते जोरात, पण सामानाला जागा म्हणाल तर मागच्या डिक्कीत एक बॅग, तीही दाबून. पोरगं पुण्याला जायला निघालं की साधना चिन्नोर तांदूळ, लाखोळीची डाळ, लोणच्याची बरणी असं सगळं ओट्यावर मांडते, आणि गाडी गेल्यावर ते सगळं तिथेच उरतं. मागच्या वर्षी उरलेल्या त्या तांदळाला तिने कितीतरी दिवस हात लावला नाही. घरात दुसरा तांदूळ संपला तरी शेजारून मागून आणला, पण ते पोतं सोडलं नाही. तेव्हाच मी ठरवलं की या गाडीला करिअर लावायचं.

आधी तुमसरला गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "काकाजी, करिअर छताले लागते. हा तर तंबू आहे." खरंच आहे, त्या गाडीचं छत कापडाचं, घडी होणारं. मग आपल्या गावचा इश्वर वेल्डिंगवाला म्हणाला, छत नाही तर डिक्कीच्या झाकणावर बसवू. त्याने आयुष्यभर बैलगाड्या, ट्रॉल्या आणि फाटकं केलेली. त्याच्या हातून निघालेलं पहिलं करिअर आम्ही दोघांनी उचलून ठेवलं तर गाडीचं तोंड वर आलं. ते सध्या आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. दुसरं त्याने पातळ पाइपाचं केलं. ते छान झालं, पण बसेना. इश्वर म्हणाला, झाकणाला चार भोकं पाडतो. पोराच्या गाडीला त्याला न विचारता भोकं कशी पाडायची? म्हणून मी इश्वरच्या दुकानातूनच फोन लावला. तेव्हा जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझी चूक किती ते तुम्हीच ठरवा.

मी म्हटलं, "राजू, सकाळपासून तुझ्या करिअरचं घेऊन बसलो आहो."

तो म्हणाला, "काय झालं बाबा?"

"काही खरं नाही राजा. खालून आधारच नाही त्याले. इश्वर म्हणते, असंच ठेवलं तर पयल्याच झटक्यात रस्त्यावर येईन."

"इश्वरकाकाले काहून सांगतलं तुम्ही?"

"मंग कोणाले सांगू? साऱ्या गावचं तोच पायते."

"म्हणजे साऱ्या गावाले माहीत झालं?"

"माहीत काय, दहा जण इथं उभे राहून पाहून राहिले!"

तो म्हणाला, "मी आता घरी नाही येत बाबा," आणि फोन ठेवला. मी इश्वरला म्हटलं, पोराला भोकं पाडलेली आवडली नाहीत वाटते. माझा शब्द राजूने नोकरीवर घेतला हे मला संध्याकाळी साधनाने सांगितलं, आणि त्यानंतर ती बोललीच नाही.

आता पुढचं सांगतो, ते जास्त वाईट आहे. मला वाटलं, करिअर पक्कं बसवून ठेवलं, त्याला दाखवलं, की त्याचा गैरसमज आपोआप जाईल. भोकं न पाडता पट्ट्यांनी आवळू. भाऊ, मी धानाचा व्यापारी माणूस. ट्रॅक्टरवर पोती बांधून तुमसरच्या बाजारात नेण्यात माझं वय गेलं, माझं एक पोतं कधी रस्त्यावर पडलं नाही. करिअरच्या पायांखाली ट्यूबचे तुकडे दिले, डावी-उजवीकडून पट्टे ताणले, वर तांदळाचं पोतं बांधलं आणि गाडी काढली. तलावाच्या वळणावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक मारला. गाडी थांबली, करिअर थांबलं नाही. ते पुढे सरकलं, कापडाचं छत फाटलं आणि पोतं माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसलं. (म्हैस उभी राहून पाहत होती, तिला काही झालं नाही.)

छत मी शिवलं आहे. आमच्याकडे पोती शिवायचं दाभण आणि सुतळी यांची कमी नाही. टाके मजबूत आहेत, दिसायला मात्र पोत्यासारखेच दिसतात. हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचत नाही आणि त्याचं फार दुःख वाटतं. त्याने पहिल्या पगारापासून पैसे जमवून घेतलेली गाडी आहे ती.

चूक कुठे झाली तेही मला आता कळलं. ओझं बाजूला पडेल याच भीतीने मी बांधलं, पुढे जाईल हे ध्यानातच घेतलं नाही. आता झाकणाच्या पुढच्या फटीतून दोन आणि मागच्या काठातून दोन असे पट्टे ओढले आहेत. काल धरून हलवलं तर सगळी गाडी हलली, करिअर जागचं हललं नाही. एवढं त्याला सांगा, आणि बापाला माफ कर म्हणा. ज्योत्सनाबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
भैय्यालाल

ता. क. हे पत्र राजूला वरच्या सहीपर्यंतच वाचून दाखवा. इथून खालचं फक्त तुमच्यासाठी आहे. नंतर कागद फाडून टाका.

ता. क. दुसरं. त्याची नोकरी गेली हे मला आधीपासून माहीत होतं. चैतात तो 'घरून काम' म्हणून आला आणि वरच्या खोलीत दार लावून बसायला लागला. मध्ये रस्ता खोदताना गावातल्या नेटची तार तुटली, पाच दिवस मोबाइलवरसुद्धा कोणाचंच नेट चाललं नाही. राजूची मीटिंग मात्र रोज चालली. मी जिन्यात उभा राहून ऐकलं, नेट बंद असताना तो एकटाच 'येस, येस' म्हणत होता. मी खाली आलो आणि ओट्यावर बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हटलं, हळू बोला, पोराची मीटिंग आहे. त्यानंतर रोज तेच म्हणत गेलो. साधना अकरा वाजता वर चहा पाठवायची. तिला माहीत होतं का, हे मी तिला विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही.

ता. क. तिसरं. तेव्हा फोनवर मी लोखंडाचंच बोलत होतो, देवाशपथ. पण 'खालून आधारच नाही' म्हणताना माझा गळा भरून आला, आणि लोखंडासाठी कोणाचा गळा भरून येत नाही. पोरगं हुशार आहे, त्याने ओळखलं. तरी तुम्ही त्याला सांगा की तुझ्या बापाला यातलं काही कळत नाही, तो आपला पट्ट्या-पाइपाचंच बोलत होता. त्याला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा सांगू दे, मी पहिल्यांदाच ऐकतो असं ऐकीन. आणि करिअर बसवलं म्हणजे बापाला मला लवकर घालवायचं आहे, असं त्याच्या मनात आलं असेल तर तेही काढा. ते पट्टे सोडायला पाच मिनिटं लागत नाहीत. मी काल दोनदा सोडून पाहिले.