गादी तपासनिसाचे न उठणे

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचे घोरणे कसे आहे? (त्याचा त्यांना त्रास नाही, हे ठाऊक आहे, तुझ्यासाठी विचारतो.) मी इकडे मजेत आहे, फक्त मला नैराश्य झाले आहे आणि कंपनीने नोटीस दिली आहे.

तुला माहीतच आहे, गाद्यांच्या कारखान्यात माझे काम म्हणजे प्रत्येक नव्या गादीवर दहा मिनिटे पडायचे, उठायचे आणि शिक्का मारायचा. बारा वर्षे बिनतक्रार पडलो आणि उठलो. गेल्या महिन्यात उठणे जमेना. एकाच गादीवर सबंध पाळी काढली, वर थोडा रडलोही. साहेबांनी नोटीस काढली : कामावर असताना न उठणे, तसेच मालाला ओल लावणे. मी कळवले, आजारी आहे. ते म्हणाले, दाखला आणा. म्हणून डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, दिवसभर पडून राहावेसे वाटते का? म्हटले, बाई, पगार त्याचाच मिळतो. त्यांनी चष्मा काढून पुसला, गोळ्या दिल्या आणि दाखल्यावर लिहिले : नैराश्य आहे, दिवसा आडवे होऊ नये. (नेमके बाईंचे अक्षर सुवाच्य निघाले.) कंपनीला आयतेच सापडले. हा आडवाच होणार नाही तर तपासणार काय, म्हणून सोमवारी सुनावणी ठेवली.

सुनावणीत साहेबांनी बूट काढले आणि मनात आणले तर माणूस कसा पटकन उठतो, हे दाखवायला स्वतःच गादीवर पडले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. युनियनचे सेक्रेटरी घड्याळ धरून उभे. साहेब छताकडे बघत हळूच म्हणाले, "अहो, उठावंसंच वाटत नाही हो." शेवटी आम्ही दोघांनी त्यांना बखोटीला धरून उठवले. त्यांनी माझ्याकडून डॉक्टरबाईंचा पत्ता घेतला. सुनावणी साहेब बरे होईपर्यंत तहकूब आहे.

तेव्हा काळजीचे काही कारण नाही. आईला कळवू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. गोळ्या लागू पडताहेत. काल अंघोळ केली.

ता. क. काल म्हणजे गेल्या मंगळवारी.

ता. क. डॉक्टरबाईंनी विचारले, घरी कोणाला सांगितलेत का? मी हो म्हणालो. ते खोटे होते, म्हणून हे पत्र. पुढच्या गुरुवारी साडेअकराला त्यांनी घरचे माणूस घेऊन यायला सांगितले आहे. वरचे वाचून हसलीस तरी चालेल, मुद्दाम तसेच लिहिले आहे. पण बुधवारीच ये. गुरुवारी सकाळी मला कोणीतरी उठवायला हवे.